हजारात एक: गायडंट डिफिब्रिलेटर प्रकरणाचा अभ्यास

मार्च २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावाजवळच्या डोंगराळ भागात, मिनेसोटाहून सुट्टीला आलेला २१ वर्षांचा एक कॉलेज विद्यार्थी सायकल चालवता चालवता कोसळला आणि गेला. त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी होती. या आनुवंशिक आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो. साधारण पाचशेत एकाला तो असतो, आणि त्यातल्या बहुतेकांचं आयुष्य नीट पार पडतं. पण काही जणांच्या हृदयाची लय एकाएकी बिघडते, खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात, मेंदूला रक्त जात नाही, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. या मुलाला तो धोका आहे हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. म्हणूनच २००१ मध्ये त्याच्या छातीत गायडंट कंपनीचा ‘व्हेंटॅक प्रिझम २ डीआर’, मॉडेल १८६१, हा डिफिब्रिलेटर, म्हणजे अशी बिघडलेली लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र, बसवला होता.

ज्या क्षणासाठी यंत्र बसवलं होतं तो क्षण आला, आणि नेमका तेव्हाच यंत्राने दगा दिला.

मृत्यूनंतर यंत्र काढून कंपनीकडे तपासायला पाठवलं गेलं. आत शॉर्ट सर्किट झाल्याचं दिसलं. एखादं यंत्र बिघडू शकतं, माणसाने बनवलेली कुठलीच वस्तू त्याला अपवाद नाही. पण मुलावर उपचार करणारे मिनिआपोलिस हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. बॅरी मॅरन आणि त्यांचे सहकारी डॉ. रॉबर्ट हाउझर यांनी कंपनीला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की याच मॉडेलमध्ये हाच बिघाड आधी दोन डझन वेळा झाला होता. कंपनीला तो २००२ पासून ठाऊक होता. तिने तो त्याच वर्षी दुरुस्तही केला होता. आणि तीन वर्षं रुग्णांना, डॉक्टरांना त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

डॉ. हाउझर या धंद्याला नवखे नव्हते. जी कंपनी पुढे गायडंटचा भाग झाली त्या कार्डिअॅक पेसमेकर्स इन्कॉर्पोरेटेडचे ते एकेकाळी प्रमुख होते. कारखाना कसा चालतो, बिघाडाचा अहवाल टेबलावर आल्यावर कंपनीत काय बोललं जातं, हे त्यांना आतून माहीत होतं. त्यामुळे त्यांचा आक्षेप भाबडा म्हणून झटकता येण्यासारखा नव्हता.

यंत्र काय करतं आणि इथे नेमकं काय तुटलं

आपल्याकडे रुग्ण सरळ ‘छातीत मशीन आहे’ म्हणतात आणि त्यात पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर दोन्ही येतात. पेसमेकर मंद पडलेल्या हृदयाला छोटे छोटे इशारे देत राहतो. डिफिब्रिलेटर, म्हणजे आयसीडी, तेही करू शकतो, पण त्याचं मुख्य काम वेगळं. जीवघेणी वेगवान लय ओळखायची, काही सेकंदांत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरायचा आणि साधारण ३० ते ४० ज्यूलचा झटका थेट हृदयाला द्यायचा. हा झटका सातआठशे व्होल्टच्या घरातला असतो. मिशेल मिरॉव्स्की या डॉक्टरांनी ही कल्पना मांडली तेव्हा कित्येक तज्ज्ञांनी ती उडवून लावली होती. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं, १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली, आणि पुढच्या वीस वर्षांत ही यंत्रं लाखोंच्या शरीरात गेली. ती खरोखर जीव वाचवतात. जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे मोआबच्या घटनेच्या जेमतेम दोन महिने आधी, प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदय कमजोर झालेल्या रुग्णांमधले मृत्यू आयसीडीमुळे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं होतं. हे आधीच नोंदवतोय, कारण पुढचं वाचून कुणी ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये.

यंत्राचे दोन भाग असतात. एक टायटॅनियमचा बंद डबा, त्यात बॅटरी आणि सर्किट. दुसऱ्या भागात लीड, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत गेलेल्या तारा. डब्याच्या वरच्या अंगाला पारदर्शक प्लॅस्टिकचा हेडर असतो, तिथे तारा डब्याला जोडल्या जातात. प्रिझम २ डीआरचा दोष या हेडरमध्ये होता. झटक्याचा उच्च दाबाचा प्रवाह नेणारी एक बारीक तार धातूच्या एका नळीच्या अगदी जवळून जात होती, आणि दोघींच्या मध्ये होतं पॉलिइमाइड नावाच्या पदार्थाचं इन्सुलेशन. शरीरातल्या ओलाव्याने हे पॉलिइमाइड हळूहळू खराब होत गेलं. जुन्या इस्त्रीच्या वायरचं वरचं आवरण विरून आत ठिणगी पडावी, तसं इथे झालं. फक्त ठिणगी पडायची ती नेमकी झटका देताना. रोजच्या कामाचा दाब इतका कमी की विरलेलं इन्सुलेशनही पुरतं. पण सातशे व्होल्ट सुटले की प्रवाह हृदयाकडे न जाता आडवाटेने नळीकडे उडी मारायचा, सर्किट जळायचं आणि यंत्र कायमचं बंद पडायचं.

या बिघाडाची पूर्वसूचना कधीच मिळत नाही, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. रुग्ण तपासणीला येतो, आम्ही डॉक्टर प्रोग्रॅमरची, म्हणजे यंत्रातली माहिती वाचणाऱ्या संगणकाची, चकती छातीवर धरतो, पडद्यावर बॅटरी किती उरली, तारांचा रोध किती, मधल्या काळात काही गडबड झाली का हे सगळं दिसतं. रुग्ण शर्टाची बटणं लावत विचारतो, ‘सगळं ओके ना?’ आणि आकडे चांगले असले की आम्ही हो म्हणतो. प्रिझम २ डीआरच्या बाबतीत तो ‘हो’ पोकळ ठरला असता. कमी दाबाच्या तपासणीत हा दोष दिसतच नव्हता. आणि नियमित तपासणी करणाऱ्या डॉक्टरला तो आहे हेच माहीत नव्हतं, त्यामुळे वेगळं काही करून बघण्याचा प्रश्नही आला नाही.

कंपनीने काय केलं

२००२ च्या सुरुवातीला गायडंटला या बिघाडाचे पहिले अहवाल मिळाले. एप्रिल २००२ मध्ये बनावटीत एक बदल झाला, नोव्हेंबर २००२ मध्ये दुसरा. या दोन बदलांनंतर बनलेल्या यंत्रांत तो दोष उरला नाही. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. उलट अभियंत्यांनी दोष लवकर शोधला असंच म्हणायला हवं.

मग ऑगस्ट २००३ मध्ये एफडीएकडे वार्षिक अहवाल गेला. त्यात या बदलाचा उल्लेख होता, पण यंत्राच्या सुरक्षिततेवर वा परिणामकारकतेवर त्याचा काही परिणाम होत नाही अशा थाटात. बदल मुळात केला होता तो झटका अडवणारा दोष काढायला! असे वार्षिक अहवाल गोपनीय समजले जात, डॉक्टरांना ते बघायला मिळत नसत. म्हणजे सरकारदरबारी कागद पोचला होता, पण तो वाचून सावध होईल असं कुणीच नव्हतं.

आणि दुरुस्त केलेली यंत्रं बनू लागल्यावरही आधीच्या बनावटीचा शिल्लक माल विकला जात राहिला. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अक्षम्य वाटतं ते हेच. बसवलेलं यंत्र काढायचं की ठेवायचं हा खरोखर अवघड प्रश्न आहे, त्याच्याकडे मी येतोच. पण कपाटातल्या, अजून खोक्यात असलेल्या यंत्राबाबत अवघड काय होतं? ते परत मागवायला ना शस्त्रक्रिया लागत होती, ना कुणाचा जीव धोक्यात येत होता. कॅथलॅबमध्ये, म्हणजे यंत्र बसवतात त्या खोलीत, टेबलावर झोपलेल्या माणसासाठी दोन खोक्यांपैकी कुठलं उघडायचं एवढाच निर्णय होता, आणि तो निर्णय घेण्याची संधी त्याच्या डॉक्टरला मिळाली नाही.

मोआबमध्ये गेलेल्या मुलाचं यंत्र २००१ चं, म्हणजे दोष उघड होण्याआधीचं. ते त्याच्या छातीत जाणं कुणी टाळू शकलं नसतं. त्याला मिळायला हवी होती ती माहिती, २००२ नंतरच्या तीन वर्षांत केव्हाही. तो तरुण होता, त्याला झटक्याची गरज पडण्याची शक्यता खरी होती, यंत्र बदलण्याचा धोका पेलण्याइतकी त्याची तब्येत धडधाकट होती. अशा रुग्णाशी मी जर हे बोललो असतो, तर बहुधा बदलण्याच्या बाजूने बोललो असतो.

मे २००५ मध्ये मॅरन आणि हाउझर यांनी कंपनीला सांगितलं की सगळ्या डॉक्टरांना कळवा. कंपनीचं म्हणणं, गरज नाही. कळवलं तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त होईल. त्यावर या दोघांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर बॅरी मायर यांना माहिती दिली. बातमी २४ मे रोजी छापून आली. कंपनीचं डॉक्टरांना पत्र गेलं ते २३ मे रोजी, बातमी येणार हे कळल्यावर. १७ जूनला यंत्रं परत मागवण्याची घोषणा झाली, आणि त्यात प्रिझम २ डीआरबरोबर ‘कॉन्टॅक रिन्यूअल’ मालिकेची यंत्रंही होती. त्यांच्यातही हेडरमध्ये तशाच जातीचा दोष निघाला होता. एफडीएने १ जुलैला याला सर्वांत गंभीर, पहिल्या वर्गाचं रिकॉल ठरवलं.

तेव्हा काळही नाजूक होता. डिसेंबर २००४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने गायडंट पंचवीस अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचा करार केला होता. (शेवटी २००६ मध्ये बॉस्टन सायंटिफिकने ती सुमारे २७ अब्जांना घेतली.) मौनाचं कारण हाच सौदा होता असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि मौन सौद्याच्या कितीतरी आधीपासूनचं होतं. मात्र त्याच धंद्यातली दुसरी मोठी कंपनी मेडट्रॉनिकने फेब्रुवारी २००५ मध्ये आपल्या ‘मार्क्विस’ यंत्रांच्या बॅटरीत शॉर्ट होऊ शकतो असं स्वतःहून डॉक्टरांना कळवलं होतं. ती यंत्रं सुमारे ८७,००० होती. म्हणजे कळवण्याची रीत ठाऊक नव्हती असं नाही.

कंपनीचा युक्तिवाद, नीट ऐकून

गायडंटचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सुमारे २६,००० यंत्रं, त्यांत कळलेले बिघाड दोन डझनांहून थोडे जास्त. हजारात एक. रुग्णांना सांगितलं तर ते घाबरतील, यंत्र काढायचा हट्ट धरतील, आणि त्या शस्त्रक्रियांमध्येच जास्त माणसं मरतील.

यातला शेवटचा भाग खरा आहे, आणि तो किती खरा आहे हे पुढच्याच वर्षी कॅनडातल्या अभ्यासाने दाखवलं. तिथल्या १७ केंद्रांत, सूचना निघालेली, म्हणजे दोषाबद्दल सावध केलं गेलेली, यंत्रं बसवलेले २,९१५ रुग्ण होते. त्यांपैकी ५३३ जणांची यंत्रं बदलण्यात आली. ४३ जणांना, म्हणजे ८.१ टक्क्यांना, काही ना काही गुंतागुंत झाली. ३१ जणांना, ५.८ टक्क्यांना, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याइतकी गंभीर. दोघे दगावले. आणि या सगळ्या काळात सूचना निघालेल्या यंत्रांत प्रत्यक्ष बिघाड किती सापडले? तीन, आणि त्या तिघांनाही इजा झाली नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हे पटत नाही. डबा तर कातडीखालीच आहे, काढून दुसरा बसवायचा, त्यात काय? पण पहिल्यांदा यंत्र बसवणं आणि दुसऱ्यांदा तीच जागा उघडणं यात फार फरक आहे. शरीराने डब्याभोवती जाड आवरण तयार केलेलं असतं, त्यात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे एखादा जंतू आत शिरला की शरीराची कुमक तिथे पोचत नाही आणि गोळ्यांनी तो जात नाही. संसर्ग पक्का झाला तर डबा आणि तारा, सगळंच काढावं लागतं. तारा वर्षानुवर्षं शिरेच्या आणि हृदयाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेल्या असतात, त्या सोडवताना शीर किंवा हृदय फाटू शकतं. जुनी जागा उघडताना तारेला नख लागावं तसा ओरखडा गेला तरी नवा डबा जुन्याच त्रासाचं मूळ घेऊन बसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त साकळून गाठ होते. २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या नोंदणी अभ्यासात नुसता डबा बदललेल्यांपैकी ४ टक्क्यांना सहा महिन्यांत मोठी गुंतागुंत झाली, आणि सोबत तार घालायची किंवा बदलायची होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं.

मग कंपनी बरोबर होती का?

नाही, आणि त्याची कारणं मला वेगवेगळी मांडावीशी वाटतात, कारण चर्चेत ती एकमेकांत मिसळतात.

पहिलं म्हणजे तो ‘हजारात एक’ हा आकडाच कच्चा होता. तो मोजला होता परत आलेल्या यंत्रांवरून. हृदयाचा आधीच आजार असलेला माणूस अचानक गेला तर घरच्यांना आणि डॉक्टरांनाही त्यात नवल वाटत नाही. ‘हार्ट गेलं’ म्हणून विषय संपतो. यंत्र माणसाबरोबर पुरलं जातं. मोआबच्या मुलाचं यंत्र काढून पाठवलं गेलं नसतं तर हा बिघाडही कुठल्याच यादीत आला नसता. म्हणजे कळलेले बिघाड ही खालची मर्यादा होती, वरची किती याचा अंदाज कुणी बांधू शकत नव्हतं.

दुसरं, हजारात एक ही सरासरी आहे, आणि छातीत यंत्र असलेला प्रत्येक माणूस सरासरी नसतो. एक रुग्ण असा की ज्याला केवळ खबरदारी म्हणून यंत्र बसवलंय, पाच वर्षांत एकदाही झटका लागलेला नाही, वय ७८, मधुमेह, किडनी कमजोर. त्याने यंत्र आहे तसं ठेवणंच शहाणपणाचं. दुसरी रुग्ण चाळिशीची, एकदा हृदय बंद पडून वाचलेली, वर्षातून दोनदा झटका लागणारी, आणि जिचं हृदय पेसमेकरवरच चालतं. तिचं यंत्र झटका देताना जळालं तर झटकाही जातो आणि पेसिंगही जातं. या दोघांसाठी आकडा एकच असला तरी उत्तर एक नाही. ते उत्तर काढायला रुग्णाची फाइल लागते, आणि फाइल डॉक्टरकडे असते, कंपनीकडे नव्हे. प्रकरण उघडकीला आल्यावर मायामीचे डॉ. रॉबर्ट मायरबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली कंपनीनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मार्च २००६ च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं: निर्णय अभियांत्रिकी आकडेमोडीवर घेतले गेले, रुग्णावर होणाऱ्या परिणामांचा वैद्यकीय विचार त्यात पुरेसा नव्हता.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ते फारसं बोललं जात नाही. ज्या घबराटीची कंपनीला भीती होती, ती पुष्कळशी तिच्या मौनानेच तयार झाली. २००२ मध्ये शांतपणे एक पत्र गेलं असतं, ‘अमुक तारखेआधीच्या यंत्रात हा दोष आहे, प्रमाण इतकं, अशा रुग्णांबाबत बदलण्याचा विचार करा, बाकीच्यांना तपासणीत ठेवा’, तर डॉक्टर एकेका रुग्णाशी पुढच्या ठरलेल्या भेटीत बोलले असते. कित्येकांची बॅटरी तशीही दोनचार वर्षांत बदलायची होती, त्यांचा प्रश्न आपोआप सुटला असता. त्याऐवजी ती माहिती मे २००५ मध्ये वर्तमानपत्रातून, एका मेलेल्या मुलाच्या बातमीबरोबर घराघरांत पोचली. ‘कंपनीने तीन वर्षं लपवलं’ हे वाचलेल्या माणसाला ‘धोका हजारात एक आहे’ हे पुढचं वाक्य ऐकू येत नाही. आणि का यावं? आकडा सांगणारे तेच आणि लपवणारेही तेच. या दोषासाठी ज्यांना यंत्र काढायची गरज नव्हती आणि तरीही ज्यांनी ते काढून घेतलं, त्यांच्यापैकी काही जण संसर्गाने आजारी पडले. त्यांच्या दुखण्यातही या मौनाचा वाटा आहे असं मी मानतो.

न्यायालयात

नुकसानभरपाईच्या हजारो दाव्यांवर २००७ मध्ये तडजोड झाली, ती रक्कम शेवटी २४ कोटी डॉलरवर गेली. फौजदारी बाजू आणखी रेंगाळली. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी न्याय विभागाने दोन आरोप ठेवले: प्रिझमबद्दल एफडीएला दिशाभूल करणारा अहवाल दिला, आणि कॉन्टॅक रिन्यूअलमधल्या सुधारणेची माहिती वेळेत कळवली नाही. दंड ठरला २९ कोटी ६० लाख डॉलर. मिनेसोटाचे न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी एप्रिल २०१० मध्ये हा समझोता नाकारला. नुसती रक्कम भरून सुटका होणं लोकहिताच्या दृष्टीने पुरेसं नाही, कंपनीला देखरेखीखाली ठेवायला हवं, असं त्यांचं मत होतं. जानेवारी २०११ मध्ये तीन वर्षांच्या प्रोबेशनसह शिक्षा झाली. कंपनीवर. तुरुंगात कुणी गेलं नाही.

याच गायडंटच्या एका उपकंपनीने जून २००३ मध्ये, पोटातल्या मुख्य रोहिणीत आधारासाठी बसवायच्या कृत्रिम नळीतले (स्टेंट-ग्राफ्ट) हजारो बिघाड एफडीएपासून लपवल्याबद्दल गुन्हा कबूल करून ९ कोटी २४ लाख डॉलर भरले होते. प्रिझमचा तो दिशाभूल करणारा अहवाल गेला त्याच्या दोनच महिने आधी. २०१० मध्ये न्यायाधीशांना नुसता दंड का अपुरा वाटला असेल, ते यावरून समजतं.

आपल्याकडच्या रुग्णासाठी

गायडंटचं नाव आता यंत्रांवर दिसत नाही आणि प्रिझम २ डीआर इतिहासजमा झालं आहे. पण यंत्राचे धोके त्याबरोबर गेलेले नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिकच्या ‘स्प्रिंट फिडेलिस’ तारा तुटतात म्हणून त्यांची विक्री थांबली, तेव्हा जगभरात २,६८,००० तारा बसवून झाल्या होत्या. तार हाच या यंत्रातला सर्वांत नाजूक भाग. हृदय दिवसाला लाखभर वेळा हलतं, आणि प्रत्येक वेळी ती वाकते. तुटली की तिच्यातून येणारी विजेची खरखर यंत्राला भलत्या लयीसारखी वाटते आणि जागेपणी, काही कारण नसताना, माणसाला झटक्यांवर झटके बसतात. तार शाबूत असतानाही यंत्राची चूक होऊ शकते: २००२ च्या एका गाजलेल्या चाचणीत ११.५ टक्के रुग्णांना असा चुकीचा झटका बसला होता. एकदा जेवताना झटका बसलेला माणूस पुढे कित्येक महिने घासाघासाला धास्तावलेला असतो, हे बघितलं आहे. सुदैवाने यात खरी सुधारणा झाली. झटक्याआधी यंत्राने थोडं जास्त थांबावं, किंवा जास्त वेगालाच झटका द्यावा, अशी मांडणी केली तर चुकीचे उपचार आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे २०१२ च्या चाचणीत सिद्ध झालं. म्हणून तपासणीच्या वेळी ‘माझं प्रोग्रॅमिंग कसं ठेवलंय, किती वेगाला आणि किती सेकंदांनी झटका?’ असा प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने वैतागत नाही.

भारतात आयसीडीला काही लाख रुपये लागतात, त्यासाठी घरं कर्ज काढतात, आणि एवढं करून कित्येकांना आपल्या छातीत कुठलं मॉडेल आहे ते सांगता येत नाही. डिस्चार्जच्या वेळी मिळालेलं कार्ड फाइलमध्ये, फाइल गावच्या घरी. परदेशात सूचना निघाली तर ती इथल्या माणसापर्यंत पोचायला मधले किती दुवे जुळावे लागतात याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २०१० मध्ये जगभरातून मागे घेतलेल्या एएसआर या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला पोलिसांत तक्रार नोंदवावी लागली होती. त्यानंतर २०१५ मध्ये उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून तो चालतो. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१८ पासून लागू झाले. यंत्रणा आहे, पण तिच्यात नोंद कुणीतरी करायला लागते.

एका बाबतीत तर आपल्याकडची रीत या नोंदीला मदतच करू शकेल. दहनाआधी यंत्र काढावंच लागतं, नाहीतर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. म्हणजे इथे यंत्र माणसाबरोबर मातीआड जात नाही, कुणाच्या तरी हातात येतं. बहुतेकदा ते रुग्णालयाच्या कचऱ्यात जातं किंवा घरच्यांकडे एका पुडीत राहतं. अचानक मृत्यू झाला असेल तर शेवटच्या क्षणी यंत्राने काय पाहिलं आणि काय केलं याची नोंद त्याच डब्यात असते. घरच्यांनी त्या दुःखात एवढंच करावं: यंत्र टाकू नका म्हणून सांगावं, ते ज्या रुग्णालयात बसवलं तिथे द्यावं, आणि त्यातली नोंद वाचून, गरज वाटल्यास कंपनीकडे तपासणीला पाठवून, लेखी अहवाल द्या अशी मागणी करावी.

आणि जे आज यंत्र घेऊन हिंडताफिरताहेत त्यांनी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्येही. त्यात डब्याचं मॉडेल आणि अनुक्रमांक, तारांची मॉडेल आणि अनुक्रमांक, बसवल्याची तारीख हे वाचता आलं पाहिजे. तारांचे क्रमांक कार्डावर नसतील तर पुढच्या तपासणीला लिहून घ्या. पत्ता किंवा फोन बदलला तर रुग्णालयात आणि कंपनीच्या नोंदीतही तो बदलून घ्या.